‘बेटावर किती माणसे’ : ट्रिस्टन द कुन्हा कालपटाच्या कामाच्या नोंदी

२ जून

कालपटाच्या कामाला आज सुरुवात केली. दक्षिण अटलांटिक महासागरातील ट्रिस्टन द कुन्हा या बेटावरच्या वस्तीचा इतिहास बारा फलकांत मांडायचा, प्रत्येक फलकावर एक ठळक घटना, एक चित्र किंवा नकाशा आणि दीडशे शब्दांच्या आतला मजकूर, असा आराखडा ठरला आहे. बेटाला सर्वांत जवळची मनुष्यवस्ती सेंट हेलेनावर, म्हणजे उत्तरेला २,४०० किलोमीटरांहूनही दूर. केप टाउन तर २,७०० किलोमीटरांच्या पुढे. विमानतळ नाही. केप टाउनहून निघालेले जहाज हवामानाने साथ दिली तर आठवडाभरात पोचते, आणि पोचल्यावरही समुद्र खवळलेला असेल तर माणसे उतरू न शकता दिवसच्या दिवस बेटाकडे बघत राहतात. बेट म्हणजे समुद्रातून वर आलेला एक ज्वालामुखी आहे. त्याचे शिखर, क्वीन मेरीज पीक, २,०६२ मीटर उंच असून वायव्येच्या बाजूला कड्याखाली सपाटीची एक पट्टी आहे, तिच्यावर सगळी वस्ती. गावाचे कागदोपत्री नाव ‘एडिनबरो ऑफ द सेव्हन सीज’ असे भारदस्त आहे, पण गावकरी त्याला नुसते ‘सेटलमेंट’ म्हणतात. लोकसंख्या अडीचशेच्या आत.

नावाच्या लेखनावरच अर्धा दिवस गेला. मूळ पोर्तुगीज उच्चार ‘त्रिश्तांव द कुन्या’च्या जवळ जातो, मात्र बेटावरचे लोक इंग्रजी बोलतात आणि स्वतःच्या बेटाला ‘ट्रिस्टन’ म्हणतात, तेव्हा ज्याच्यावरून बेटाला नाव पडले त्या खलाशाचे नाव पोर्तुगीज वळणाने आणि बेटाचे नाव बेटकऱ्यांच्या तोंडी आहे तसे, असा निर्णय घेतला. एकाच फलकावर दोन रूपे दिसतील, हे मान्य आहे.

४ जून

पहिली कच्ची यादी सहकाऱ्याकडे पाठवली : १५०६, १६४३, १८११, १८१६, १८१७, १८२७, १८६७, १८८५, १९३८, १९४२, १९६१, २०११. संध्याकाळी ती समासातल्या एकाच ओळीसह परत आली : ‘बारांपैकी आठ तारखा बाहेरून आलेल्या माणसांच्या आहेत.’ मोजून पाहिले, तर खरेच आठ होत्या. कोणी बेट पाहिले, कोणी त्यावर पाय ठेवला, कोणी झेंडा रोवला, कोणता राजपुत्र येऊन गेला, कोणत्या सरकारने ते कोणाच्या अखत्यारीत दिले. अशी यादी आपोआप तयार होते, कारण कागदपत्रे जहाजांवर लिहिली गेली आणि जहाजे निघून गेल्यावर बेटावर काय घडले ते लिहायला बराच काळ कोणी नव्हते. यादी फाडून टाकली नाही, पण तिच्यावर पेन्सिलीने मोठे प्रश्नचिन्ह काढून ठेवले आहे.

५ जून

१५०६ आणि १६४३ यांचा एकच फलक केला. त्रिश्तांव द कुन्या भारताकडे निघालेल्या पोर्तुगीज आरमाराचा प्रमुख होता आणि पुढे गोवा जिंकणारा अल्बुकर्क त्याच आरमारात होता. वादळी समुद्रामुळे त्याला बेटावर उतरता आले नाही. नाव तेवढे देऊन तो पुढे गेला. पुढे १६४३मध्ये ‘हीमस्टेड’ या डच जहाजावरची माणसे बेटावर उतरली, त्याच बेटावरच्या पहिल्या नोंदलेल्या पाउलखुणा. दोघांना मिळून ६० शब्द पुरेसे आहेत.

७ जून

जोनाथन लँबर्ट. अमेरिकेतल्या सेलम बंदरातला हा माणूस डिसेंबर १८१०च्या अखेरीस सोबत्यांसह बेटावर उतरला आणि फेब्रुवारी १८११मध्ये त्याने जाहीरनामा काढून ही बेटे आपल्या मालकीची असल्याचे जगाला कळवले. बेटसमूहाचे नावही त्याने बदलले : ‘विश्रांतीची बेटे’, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्या जहाजांना ताजे अन्नपाणी मिळेल अशी जागा. धंद्याचा हिशोब पक्का होता, पण मे १८१२मध्ये तो स्वतः आणि त्याचे सोबती समुद्रात बुडाले. मागे राहिला इटलीतून आलेला तोमासो कोर्री, ज्याला इंग्रज ‘टॉमस करी’ म्हणत. बेटावर खजिना पुरला आहे ही कथा याच्याशीच जोडलेली आहे. पुढे आलेल्या ब्रिटिश शिबंदीतल्या सैनिकांना तो खजिन्याच्या गोष्टी सांगून दारू मिळवत असे आणि जागा न सांगताच मेला, असे सांगतात.

चित्रकाराने या फलकासाठी लोखंडी पट्ट्यांची पेटी आणि सोन्याची नाणी काढून पाठवली होती. ती परत पाठवली. कथा मजकुरात एका ओळीत येईल. चित्र मात्र जाहीरनाम्याचे हवे. एका माणसाने कागदावर राज्य स्थापन केले आणि पंधरा महिन्यांत ते समुद्रात गेले, हे पेटीपेक्षा जास्त बोलके आहे.

१० जून

आज दिवसभर १८१६ आणि १८१७. नेपोलियनला सेंट हेलेनावर ठेवल्यानंतर त्याला सोडवण्याच्या कामी कोणी ट्रिस्टनचा तळ म्हणून उपयोग करू नये, या धास्तीने ब्रिटिशांनी १४ ऑगस्ट १८१६ रोजी बेट ताब्यात घेऊन तिथे शिबंदी ठेवली. इतक्या दूरची शिबंदी पोसणे परवडेना, म्हणून वर्षभरातच ती मागे घेण्याचा हुकूम निघाला. ऑक्टोबर १८१७मध्ये ‘ज्युलिया’ ही युद्धनौका बेटाच्या किनाऱ्यावर आपटून फुटली आणि तिच्यावरचे ५५ जण मेले. लष्करी दृष्टीने पाहिले तर शिबंदीचा सगळा कारभार फसलेलाच म्हणावा लागेल.

सगळे निघून जात असताना स्कॉटलंडमधल्या केल्सोचा एक तोफखान्यातला कॉर्पोरल, विल्यम ग्लास, याने मागे राहण्याची परवानगी मागितली. त्याची बायको मारिया लींडर्स केप वसाहतीतली होती आणि त्यांना दोन लहान मुले होती. त्यांच्यासोबत सॅम्युएल बर्नेल आणि जॉन नॅनकिव्हेल हे दोन गवंडीही राहिले. एकंदर सहा माणसे. ७ नोव्हेंबर १८१७ रोजी त्यांनी एक करारनामा केला. त्याचा आशय असा की, गुरेढोरे आणि साठा सर्वांच्या सारख्याच मालकीचा. नफा सारखा वाटायचा आणि खर्चही सारखाच उचलायचा. आणि कोणीही दुसऱ्यावर वरचढपणा गाजवायचा नाही, सर्व बाबतींत सगळे समान.

मला हा कागद या संपूर्ण प्रकल्पातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. लँबर्टच्या जाहीरनाम्यात मालक एक होता. सहा वर्षांनी त्याच किनाऱ्यावर दुसऱ्या कागदात मालक कोणीच नाही. मात्र मजकूर लिहिताना माझ्याकडून ‘आदर्श समाजाचा पाया’ असे शब्द गेले होते, ते संध्याकाळी खोडले. तिघांनी सही केली ती सैन्यातल्या हुकूमशाहीला कंटाळून असेल किंवा इतक्या थोड्या माणसांना दुसरी कोणतीही व्यवस्था झेपली नसती म्हणूनही असेल. कागद त्याबद्दल बोलत नाही, तेव्हा फलकानेही बोलू नये. एक गोष्ट मात्र लिहिण्याजोगी आहे : करारावर मारियाची सही नाही. सहा माणसांच्या वस्तीत समानतेचा करार तिघांनी केला.

पहाटे उठून एक कल्पना टिपून ठेवली. प्रत्येक फलकाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ द्यायची : ‘बेटावर किती माणसे’. या फलकाखाली ६.

१५ जून

मूळ यादीत नसलेल्या दोन घटनांनी आज जागा मागितली. जुलै १८२१मध्ये मुंबईकडे निघालेले ‘ब्लेंडन हॉल’ हे इंग्लिश जहाज धुक्यात शेजारच्या इनॅक्सेसिबल बेटावर फुटले. वाचलेली माणसे पेंग्विन आणि सील मारून खात कित्येक महिने तिथे अडकली आणि शेवटी मोडक्या जहाजाच्या फळ्यांच्या होड्या करून त्यांतली काही ट्रिस्टनपर्यंत पोचली. त्यानंतर ग्लासने मागे राहिलेल्यांना आणवून घेतले. वस्ती केवळ चार वर्षांची असताना तिने आपल्याहून कितीतरी मोठ्या संख्येने आलेल्या पाहुण्यांना पोसले.

दुसरी घटना ऑगस्टस अर्ल या चित्रकाराची. १८२४मध्ये केपकडे बटाटे घेऊन निघालेले त्याचे गलबत ट्रिस्टनजवळ थांबले, तो कुत्रा आणि चित्रांचे सामान घेऊन किनाऱ्यावर उतरला, हवा बिघडली आणि गलबत त्याला तिथेच सोडून निघून गेले. आठ महिने त्याने बेटावर काढले. कपडे फाटल्यावर शेळीच्या कातड्याची विजार घातली, मुलांना शिकवले, रविवारी प्रार्थना म्हणून दाखवल्या आणि कागद संपेपर्यंत चित्रे काढली. त्यांतल्या एका जलरंगचित्रात तो संध्याकाळच्या उजेडात खडकावर बसून क्षितिजाकडे जहाज दिसते का ते बघतो आहे. पाठमोऱ्या आकृतीशेजारी कुत्रा आहे. चित्र सुंदर आहे आणि मुखपृष्ठावर तेच घ्यावे, असा आग्रह झाला. मी विरोध केला. ते चित्र बेटावर अडकलेल्या माणसाचे आहे, बेटावर राहणाऱ्या माणसाचे नव्हे. ग्लासची बायको त्या वेळी क्षितिजाकडे बघत बसली नसणार. तिला मुले होती, गाई होत्या. अखेर चित्र आतल्या फलकावर घ्यायचे ठरले, आणि मथळ्यात ‘पाहुण्याच्या नजरेतून’ हे शब्द.

१८ जून

१८२७चा फलक. बेटावर पाच अविवाहित पुरुष होते. त्यांनी ‘ड्यूक ऑफ ग्लॉस्टर’ या गलबताच्या कप्तानाला, सायमन ॲमला, सेंट हेलेनाहून बायका आणण्याची विनंती केली आणि त्याने खरोखरच पाच स्त्रिया आणल्या. टॉमस स्वेनने आधीच जाहीर केले होते की किनाऱ्यावर जी पहिली पाऊल ठेवील तिच्याशी मी लग्न करीन, आणि तसेच केले, असे बेटावर सांगितले जाते.

माझ्या पहिल्या मसुद्यात या प्रसंगाचे वर्णन विनोदी झाले होते आणि वाचून दाखवल्यावर लोक हसलेही. नंतर लक्षात आले की दीडशे शब्दांत कप्तानाचे नाव तीनदा आणि गलबताचे दोनदा आले आहे आणि स्त्रिया फक्त ‘पाच’ आहेत. सेंट हेलेनाहून २,४०० किलोमीटर दक्षिणेला, न पाहिलेल्या पुरुषांबरोबर संसार मांडण्यासाठी त्या का निघाल्या असतील, याचे उत्तर देता येत नसले तरी फलकाची सुरुवात त्यांच्यापासून करता येते. नव्याने लिहिले : ‘एप्रिल १८२७मध्ये पाच स्त्रिया खवळलेल्या समुद्रातून या किनाऱ्यावर उतरल्या.’ कप्तान शेवटच्या वाक्यात गेला. स्वेनची गोष्ट ठेवली, कारण बेटावरचे लोक ती स्वतः सांगतात.

२० जून

१८६७ : व्हिक्टोरिया राणीचा मुलगा, एडिनबरोचा ड्यूक, ‘गॅलेटिया’ जहाजातून येऊन गेला आणि त्याच्यावरून गावाला नाव मिळाले. स्वतंत्र फलक रद्द. नकाशावर गावाच्या नावाखाली एक ओळ.

२४ जून

राजपुत्राच्या रिकाम्या जागी १८५७ घेतले. हे वर्ष माझ्या पहिल्या यादीत नव्हते याची आता लाज वाटते. ग्लास १८५३मध्ये वारला. त्याला सोळा मुले होती आणि बेट त्याच्याभोवती उभे होते. तो गेल्यावर त्याच्या घरातली बरीच माणसे अमेरिकेला गेली. देवमाशांची शिकार करणारी जहाजे कमी होऊ लागली होती, म्हणजे बटाटे आणि ताज्या मांसाच्या बदल्यात पीठ, कापड आणि साखर देणारे गिऱ्हाईकच उरले नव्हते. विल्यम टेलर हा बेटावरचा पहिला पाद्री माणसांनी इथे राहूच नये अशा निष्कर्षाला आला आणि १८५७मध्ये ४५ जणांना घेऊन केपला निघून गेला. बेटावर २८ माणसे उरली. त्यांना कोणी थांबवले नव्हते, कोणी हाकललेही नव्हते. जहाजात जागा होती, तरी ती राहिली. फलकाखालची ओळ : २८.

या फलकाला चित्र नाही. कोणीही काढलेले नाही. पांढरी जागा तशीच सोडायची, असे मी सुचवले. मुद्रणाच्या बाजूने ‘चूक वाटेल’ असा आक्षेप आला. शेवटी गावाची साधी रेखाकृती आणि तिच्यात चार घरांतून निघालेला धूर, एवढ्यावर तडजोड झाली.

२७ जून

नोव्हेंबर १८८५. हा फलक लिहायला तीन दिवस लागले. त्याआधीची परिस्थिती सांगितल्याशिवाय घटना कळत नाही. १८८२मध्ये फुटलेल्या एका गलबतातून उंदीर किनाऱ्यावर आले होते आणि धान्य पिकवणे अशक्य झाले होते. जहाजे क्वचित थांबत. अशा वेळी ‘वेस्ट रायडिंग’ नावाचे जहाज दुरून जाताना दिसले, आणि गावातले १५ पुरुष अदलाबदलीचा माल घेऊन नव्या जीवरक्षक होडीतून त्याच्याकडे वल्हवत गेले. किनाऱ्यावरून बायका बघत होत्या. होडी परत आली नाही. गावात चारच प्रौढ पुरुष उरले.

मी पहिल्यांदा ‘विधवांचे बेट’ हा मथळा लिहिला होता. त्या काळी बाहेरच्या जगात हाच शब्द रूढ झाला आणि तो बेटाला चिकटून बसला. तो काढून टाकला. त्याऐवजी पुढच्या वर्षांत काय झाले ते लिहिले : बटाट्याची शेते वायव्येच्या गावापासून पश्चिम किनाऱ्याने चार-पाच किलोमीटरांवर आहेत, दगडी भिंतींच्या लहान लहान वाफ्यांची, आणि तिथली लावणी, खत घालणे, काढणी, बैलगाडीने ओढून आणणे ही सगळी कामे बायकांनी आणि पोरांनी केली. एडविन डॉजसन हा पाद्री (लहान मुलांसाठी लिहिणाऱ्या लुइस कॅरलचा धाकटा भाऊ) आधी काही वर्षे बेटावर राहून गेला होता. दुर्घटनेची बातमी ऐकून तो परत आला. त्याचेही मत बेट सोडावे असेच होते. काही जण सोडून गेले. बाकीचे राहिले.

टेलर, डॉजसन आणि त्यांच्यानंतरचेही कित्येक हितचिंतक एकाच मताचे होते, ही गोष्ट आता ठळकपणे दिसू लागली आहे. बेटकऱ्यांशी चांगले वागणारा जवळजवळ प्रत्येक बाहेरचा माणूस त्यांना बेटावरून हलवायला बघतो.

३० जून

१८९२ : कोळसा घेऊन निघालेल्या ‘इटालिया’ जहाजाला आग लागली, कप्तानाने ते बेटाच्या किनाऱ्यावर घातले आणि माणसे वाचली. बहुतेक खलाशी परत गेले. इटलीतल्या कामोग्ली गावचे दोघे, गाएतानो लाव्हारेल्लो आणि आंद्रेआ रेपेत्तो, राहिले. याच फलकावर आडनावांचा तक्ता घेतला : ग्लास, स्वेन, ग्रीन, रॉजर्स, हेगन, रेपेत्तो, लाव्हारेल्लो. स्कॉटिश, इंग्लिश, डच, दोन अमेरिकी, दोन इटालियन. ग्रीन म्हणजे मूळचा पीटर ग्रून, कॅटवेक या डच गावातला, तोही १८३६मध्ये जहाज फुटूनच आलेला. तक्त्याखाली एक तळटीप घातली की आडनावे पुरुषांची आहेत. सेंट हेलेना आणि केपहून आलेल्या स्त्रियांचा वंश या तक्त्यात दिसत नाही, तरी तो प्रत्येक घरात आहे.

४ जुलै

१९३८ची प्रशासकीय तारीख (बेट सेंट हेलेनाच्या अंकित झाले) वगळली. १९४२ ठेवली, कारण तिने रोजचे जगणे बदलले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाने बेटावर गुप्त हवामान आणि बिनतारी केंद्र उभारले आणि त्याबरोबर मजुरी आली. त्याआधी बेटावर पैशाला काही अर्थ नव्हता. बटाटा हेच अन्न आणि बटाटा हेच चलन.

इथे ॲलन क्रॉफर्ड याचा उल्लेख हवा. तो १९३७-३८च्या नॉर्वेच्या वैज्ञानिक मोहिमेबरोबर भूमापक म्हणून आला होता आणि युद्धकाळात नौदलाच्या केंद्रावर परतला. त्याने १९४६मध्ये बेटासाठी टपाल तिकिटांचे नमुने तयार केले. त्यांतल्या एकावर किंमत एक पेनी आणि तिच्या जोडीला ‘चार बटाटे’ अशी छापलेली होती. टपाल खात्याने ते मान्य केले नाहीत. अधिकृत तिकिटे १९५२मध्ये आली, तीही सेंट हेलेनाच्या तिकिटांवर बेटाचे नाव छापून. फलकावर चार बटाट्यांचेच तिकीट घेतले आहे. युद्धानंतर शेवंड पकडून डबाबंद करण्याचा कारखाना आला आणि बटाट्याचे राज्य संपले. वाफे मात्र आजही प्रत्येक कुटुंबाकडे आहेत.

८ जुलै

नकाशात मोठी चूक सापडली आणि ती माझीच. १९६१च्या फलकावरच्या नकाशात ज्वालामुखीचे नवे तोंड गाव आणि बटाट्याची शेते यांच्या मधोमध दाखवले गेले होते. प्रत्यक्षात ते गावाच्या अगदी पूर्वेच्या कडेला फुटले आणि शेते पश्चिमेला आहेत. हा फरक क्षुल्लक नाही : ९ ऑक्टोबरच्या रात्री सगळे गाव शेतांकडे गेले, ते धोक्यापासून दूर जाण्यासाठी, आणि माझ्या नकाशाप्रमाणे ते त्याच्या तोंडातून गेले असते. कच्चे रेखाटन करताना मी कागद फिरवून धरला होता. छपाईला गेला असता तर पुढचा सगळा मजकूर हास्यास्पद ठरला असता. नकाशा नव्याने काढायला दिला आणि उरलेले सर्व नकाशेही पुन्हा तपासले.

११ जुलै

१९६१ ते १९६३. या प्रकरणाला दोन फलक दिले.

पहिल्यावर निर्गमन. ऑगस्टपासून जमीन हादरत होती, कड्यावरून दगड सुटत होते, घरांची दारे अडकत होती. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला गावाच्या पूर्वेला जमीन फाटली आणि फुगत वर आली. ९ तारखेची रात्र गावाने बटाट्याच्या शेतांवरच्या झोपड्यांत काढली. १० तारखेला सगळ्यांना शेवंड पकडणाऱ्या दोन बोटींतून शेजारच्या नाइटिंगेल बेटावर नेले, तिथून ‘चिसादाने’ या डच जहाजाने केप टाउनला आणि मग ‘स्टर्लिंग कॅसल’ने इंग्लंडला. ३ नोव्हेंबरला ते साउथॅम्प्टनला उतरले. एकही माणूस दगावला नाही. लाव्हारसाने कारखाना आणि होड्या लावायचे किनारे गाडले. घरे बहुतांशी वाचली. आकड्याबाबत आमच्यात गोंधळ झाला होता, कारण टिपणांत २६४ आणि २९० असे दोन्ही आढळत होते. पहिला आकडा बेटकऱ्यांचा, दुसऱ्यात कामानिमित्त तिथे असलेली बाहेरची माणसेही मोजलेली आहेत. फलकाखाली तिसराच आकडा येतो : ०. संपूर्ण कालपटात एवढ्या एकाच ठिकाणी.

दुसऱ्या फलकावर परतीचा प्रवास. इंग्लंडमध्ये त्यांना आधी सरेतल्या एका लष्करी छावणीत आणि मग कॅलशॉट इथल्या हवाई दलाच्या रिकाम्या घरांत ठेवले. नोकऱ्या मिळाल्या, वीज, दूरचित्रवाणी, दुकाने सगळे मिळाले. पहिल्याच हिवाळ्यात छातीच्या विकारांनी काही वृद्ध दगावले. वर्तमानपत्रांना ही माणसे म्हणजे मागच्या शतकातून चुकून आलेली वाटत होती आणि ती आता इथेच रुळतील, असे अधिकाऱ्यांनी गृहीत धरले होते. १९६२च्या आरंभी रॉयल सोसायटीचे पथक बेट पाहून आले : ज्वालामुखी शांत होत होता, घरे उभी होती, पण मागे राहिलेल्या कुत्र्यांनी मेंढ्या फस्त केल्या होत्या. सप्टेंबरमध्ये बारा बेटकरी पुढे गेले आणि त्यांनी छपरे शाकारून बटाटे लावले. डिसेंबर १९६२मध्ये गुप्त मतदान झाले. परत जाण्याच्या बाजूने १४८ आणि विरोधात ५.

हे दोन आकडे फलकाच्या मध्यभागी मोठ्या टंकात घेतले आहेत. १८५७ची माणसे का राहिली हे कोणी विचारले नव्हते. १९६२मध्ये मात्र अधिकृतपणे विचारले गेले आणि मतपेटीतून उत्तर आले. तरीही मजकुरात ‘सुखसोयींवर लाथ मारली’ असे लिहायचे मोठ्या प्रयत्नाने टाळले. १९६६मध्ये काही कुटुंबे पुन्हा इंग्लंडला गेली आणि त्यांतली बरीचशी पुन्हा बेटावर परतली. माणसे दोन्हीकडे ओढली जात होती. निर्णय एकदाच घेऊन संपत नाही. १० नोव्हेंबर १९६३ रोजी ‘बॉर्नहोम’ जहाजातून १९८ जणांची मुख्य तुकडी बेटावर पोचली. होड्या लावायचे जुने किनारे गेले होते, म्हणून नवा धक्का बांधला गेला आणि १९६७मध्ये तो खुला झाला. त्याचे नाव कॅलशॉट हार्बर. ज्या गावातून सुटून यायचे होते त्याचेच नाव त्यांनी आपल्या धक्क्याला दिले, याचा मला अजून पुरता उलगडा होत नाही. मजकुरात फक्त नाव दिले आहे.

१४ जुलै

२०११. १६ मार्च रोजी ब्राझीलहून सोयाबीन घेऊन निघालेले ‘ओलिव्हा’ हे मालवाहू जहाज नाइटिंगेल बेटावर आपटले. खलाशी वाचले, जहाजाचे इंधन तेल मात्र पाण्यावर पसरले आणि हजारो रॉकहॉपर पेंग्विन माखले. बेटकऱ्यांनी ३,७००हून अधिक पेंग्विन ट्रिस्टनवर आणले, एकेकाला धरून साबणाच्या पाण्याने धुतले, धुतलेले पक्षी गावातल्या पोहण्याच्या तलावात सोडले आणि त्यांना खाऊ घालण्यासाठी घरोघरच्या शीतपेट्यांतली मासळी बाहेर निघाली. त्यांतले सुमारे एक दशांश पुन्हा समुद्रात जाऊ शकले. आकडा निराशाजनक आहे, म्हणून तो गाळावा अशी सूचना आली. ठेवला. पहिल्या यादीत ही तारीख बाहेरून आलेल्या जहाजाची होती. आता फलकावरचे चित्र पोहण्याच्या तलावाचे आहे.

२०२०मध्ये बेटसमूहाभोवतालचा सुमारे ६,८७,००० चौरस किलोमीटरांचा समुद्र संरक्षित म्हणून जाहीर झाला, तो याच फलकाच्या शेवटच्या वाक्यात येतो. अडीचशे माणसांच्या गावाकडे एवढ्या पाण्याची राखण.

१८ जुलै

अंतिम मुद्रिते तपासली. पहिल्या यादीतल्या १८६७ आणि १९३८ या तारखा गेल्या, १५०६ आणि १६४३ एकत्र झाल्या, १८१६ ही करारनाम्याच्या फलकाची प्रस्तावना बनली. आत आल्या त्या १८२४, १८५७, १८९२ आणि १९६३. तळाच्या ओळीतले आकडे करड्या शाईत ठेवले आहेत, म्हणजे वाचणाऱ्याने हवे तर पाहावेत, नाही तर सोडावेत. लँबर्टच्या फलकाखाली काय छापायचे यावर शेवटपर्यंत वाद होता. ‘१’ छापून त्यापुढे कंसात करीचे नाव दिले.

शेवटच्या फलकाखालची जागा रिकामी राहिली होती. मुद्रकाला नेमका आकडा हवा होता. बेटावर एक जन्म झाला किंवा एखादा विद्यार्थी जहाजाने शिकायला बाहेर गेला की आकडा बदलतो, आणि फलक छापून भिंतीवर लागेपर्यंत एक जहाज तरी येऊन गेलेले असेल. ‘अडीचशेच्या आत’ असे अक्षरांत लिहून मुद्रित परत पाठवले.